बाग-ए-आममधील पहिली विधानसभा आणि आपण

(ग्रंथसंग्रहालयाच्या शताब्दीनिमित्त नामपल्ली येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



कार्यवाहांनी या व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा हैदराबादेतील मराठी वाङ्मयाच्या परंपरेवर मी बोलावे अशी त्यांची इच्छा होती. त्या विषयाचे माझ्याहून अधिकारी जाणकार या सभागृहात बसले आहेत, म्हणून मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो मोठ्या मनाने दिला. ज्या नामपल्लीत आपण आज जमलो आहोत, तेथून पायी जाण्याजोग्या अंतरावर बाग-ए-आममध्ये घुमटांची एक पांढरी इमारत उभी आहे. तिच्यावरून आपण आयुष्यभर ये-जा केली. १९५२ ते १९५६ या काळात त्या इमारतीत जी विधानसभा भरत असे, तिच्यात मराठी माणसे कोण होती, कोणत्या जागांवर बसली होती आणि अखेरीस त्यांनी काय केले, एवढेच मला आज सांगायचे आहे. हा इतिहास आपल्या घरचा आहे, आणि आपल्याच घरात तो फारसा कोणाला ठाऊक नाही.

प्रथम त्या वास्तूविषयी दोन शब्द. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने शहरातील लोकांनी वर्गणी जमवून हा टाऊन हॉल बांधायला घेतला. कोनशिला १९०५ साली बसली आणि काम १९१३ साली पुरे झाले. राजाच्या गौरवासाठी प्रजेने बांधलेल्या दिवाणखान्यात पुढे प्रजेचेच प्रतिनिधी बसावेत, ही गोष्ट बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. संस्थानात कायदेमंडळ अगदीच नव्हते असे नाही. १८९३ पासून नावाला एक होते आणि १९४६ साली सुधारणांच्या नावाखाली आणखी एक आले. त्यात लोकांनी लोक म्हणून निवडायचे नव्हते. जहागीरदार, व्यापारी, सावकार अशा व्यवसायांच्या गटांतून प्रतिनिधी घ्यायचे होते. स्टेट काँग्रेसने त्या निवडणुकीवर बहिष्कार घातला, आणि तो योग्यच होता.

मग सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई झाली, लष्करी प्रशासन आले, त्यानंतर वेल्लोडी यांचे मुलकी सरकार आले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हैदराबाद राज्यातील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाने प्रथमच मत दिले. राज्याची लोकसंख्या १९५१ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ८६ लाख होती. जिल्हे सोळा: तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कर्नाटकाचे तीन. साधारण निम्मे लोक तेलुगू बोलणारे, चौथा हिस्सा मराठी, बाकीचे मुख्यतः उर्दू आणि कन्नड. विधानसभेच्या जागा १७५ होत्या. मतदारसंघ मात्र १४२ च होते, कारण त्यांतील ३३ मतदारसंघ द्विसदस्य होते आणि अशा ठिकाणी प्रत्येक मतदाराला दोन मते असत. काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या. पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटला ४२, समाजवाद्यांना ११, शेतकरी कामगार पक्षाला १०, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला ५, आणि १४ सभासद अपक्ष म्हणून आले.

या आकड्यांतील ४२ हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तेलंगणातील सशस्त्र लढा कम्युनिस्टांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये मागे घेतला होता. पक्षावर राज्यात बंदी असल्यामुळे ते डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावाने उभे राहिले. काल रानात बंदूक घेऊन फिरणारी माणसे आज बाग-ए-आममध्ये विरोधी बाकांवर बसली, आणि त्यांनी नियमावली हातात घेऊन प्रश्न विचारायला सुरुवात केली. आलेरहून आरुटला कमलादेवी निवडून आल्या. मखदूम मोहिउद्दीन यांच्यासारखा उर्दूतला थोर कवी हुजूरनगरच्या पोटनिवडणुकीतून सभागृहात आला. काँग्रेसच्या बाजूला शहरातून मासूमा बेगम होत्या, बांसवाड्याच्या संगम लक्ष्मीबाई होत्या. अशा सभागृहाचे कामकाज पाहणे हे एक शिक्षण असले पाहिजे.

मुख्यमंत्री झाले शादनगरचे बुर्गुल रामकृष्णराव. ६ मार्च १९५२ रोजी त्यांचे मंत्रिमंडळ आले आणि राज्य संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत, तेच मुख्यमंत्री राहिले. ते तेलुगू भाषक होते, परंतु शिकले पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आणि त्यांना मराठी उत्तम येत असे. शपथविधीचा योग मात्र विलक्षण होता. राज्याचे राजप्रमुख होते स्वतः निजाम मीर उस्मान अली खान. ज्यांच्या राजवटीत तुरुंग भोगला, त्यांच्याच समोर उभे राहून या मंत्र्यांना मंत्रिपदावर यावे लागले. मराठवाड्यातील काही जुन्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट अखेरपर्यंत पचली नाही, आणि त्यांना दोष देण्याचे धैर्य माझ्यात नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कोणत्याही विधानसभेत तीन जागा महत्त्वाच्या असतात: अध्यक्षाची, विरोधी पक्षनेत्याची आणि ज्याच्या हाती पोलीस आहेत त्या गृहमंत्र्याची. तेलुगू भाषकांचे प्राबल्य असलेल्या या विधानसभेत तिन्ही जागांवर मराठी माणसे बसली होती. अध्यक्ष काशीनाथराव वैद्य. गृहमंत्री दिगंबरराव बिंदू. विरोधी पक्षनेते व्ही. डी. देशपांडे. आपण मराठी म्हणून यात छाती फुगवावी असे मला वाटत नाही. त्याला एक कारण आहे, ते पुढे सांगतो. परंतु हे घडले कसे, हे समजून घेण्याजोगे आहे.

देशपांडे यांच्यापासून सुरुवात करतो, कारण त्यांची गोष्ट सर्वांत नवलाची आहे. ते मराठवाड्यातून निवडून आलेले नव्हते. त्यांचा मतदारसंघ इप्पागुडा, म्हणजे आजच्या जनगाव जिल्ह्यातला. या परिसराचे नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच उमगेल. तेलंगणाच्या शेतकरी उठावाची पहिली ठिणगी जनगाव तालुक्यातच पडली. विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी ४ जुलै १९४६ रोजी कडिवेंडी गावात दोड्डी कोमरय्याला गोळी घातली, आणि पुढची पाच वर्षे तेथे जे झाले ते सर्वश्रुत आहे. तेलंगणात देशमुख आणि देशपांडे ही आपल्यासारखी नुसती आडनावे नव्हती. ती वतनदारीची, जमिनीवरच्या सत्तेची नावे होती, आणि वेठबिगारीत राबणाऱ्या माणसाच्या कानाला ती कशी लागत असतील याची कल्पना करा. त्याच भागातील शेतकऱ्यांनी आपला प्रतिनिधी म्हणून निवडला तो एक मराठी देशपांडे. आपली भाषा याची मातृभाषा नाही, याचे नाव आपल्या छळकर्त्यांच्या नावासारखे आहे, हे त्यांना दिसत नव्हते असे नाही. हा आपल्या बाजूचा आहे, एवढे त्यांना पुरले.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा आठवतो. आज मराठी माणूस तेलुगू शेतकऱ्यांचा प्रतिनिधी होऊ शकेल का, किंवा उलट, नांदेडच्या खेड्यातून तेलुगू माणूस? कायद्याने कोणतीही आडकाठी नाही. परंतु तसा विचार करण्याची सवय आपण सर्वांनी मिळून घालवली आहे. देशपांडे आणि त्यांचे मतदार यांना ती सवय होती, आणि ते काही संत नव्हते. भूक, जमीन आणि सावकार हे त्यांचे विषय होते आणि त्या विषयांना मातृभाषा नव्हती.

दिगंबरराव बिंदू यांची जागा याच्या नेमकी समोर. मूळचे नांदेड भागातले, पेशाने वकील. १९४७-४८ च्या लढ्यात स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात असताना स्टेट काँग्रेसच्या कृतिसमितीचा भार त्यांनी सांभाळला होता आणि सरहद्दीवरच्या कॅम्पांतून लढा चालवला होता. हा मनुष्य गृहमंत्री झाला आणि सहा महिन्यांच्या आत त्याच्या पोलिसांनी हैदराबाद शहरात गोळीबार केला.

सप्टेंबर १९५२ मधील मुलकी आंदोलन आपल्यातील वयोवृद्धांना आठवत असेल. पोलीस कारवाईनंतर मद्रास प्रांतातून आणि इतर भागांतून नोकरदार येथे आणले गेले. निजामाच्या काळापासून पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट असलेला मुलकी नियम कागदावर होता, पण तो पाळला जात नाही, असा विद्यार्थ्यांचा आक्षेप होता. वारंगळला सुरू झालेले आंदोलन शहरात पोहोचले. ३ आणि ४ सप्टेंबरला सिटी कॉलेजच्या परिसरात गोळीबार होऊन काही तरुण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डी यांनी त्याची चौकशी केली. या प्रकरणात उत्तरदायी खाते मराठी गृहमंत्र्याचे, आणि सरकारला जाब विचारणाऱ्या विरोधी पक्षाचा नेता मराठी. शहरातील मराठी घरांत त्या दिवसांत काय वाद झाले असतील, ते मी माझ्या घरच्या अनुभवावरून सांगू शकतो. माझे वडील सरकारी खात्यात अहलकार होते, पक्के मुलकी. आंदोलन करणाऱ्या मुलांचे म्हणणे त्यांना पटत होते. पण बिंदूसाहेबांविषयी वावगा शब्द ते घरात बोलू देत नसत, कारण रझाकारांच्या दिवसांत आमचे काका सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. माणसाने एकाच वेळी दोन्ही बाजूंना असणे म्हणजे काय, ते मी लहानपणी जेवणाच्या पाटावर पाहिले.

या दोघांच्या मध्ये, उंच आसनावर, काशीनाथराव वैद्य. हैदराबादचे जुने वकील आणि सार्वजनिक कार्यकर्ते. अध्यक्षाने बोलायचे कमी आणि ऐकायचे जास्त, त्यामुळे इतिहासात त्यांचे नाव कमी येते. परंतु त्यांच्यापुढची अडचण भारतातल्या फार थोड्या अध्यक्षांपुढे असेल. सभागृहात इंग्रजी, उर्दू, हिंदी, तेलुगू, मराठी आणि कन्नड या सर्व भाषांची माणसे होती. ज्या सभासदाला राज्यभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत नीट बोलता येत नाही, त्याला मातृभाषेत बोलू देण्याचा अधिकार राज्यघटनेच्या २१० व्या अनुच्छेदाने अध्यक्षाला दिलेला आहे. अन्य राज्यांत हे कलम कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. येथे ते रोजच्या कामाचा भाग होते. त्या काळच्या कामकाजाचे छापील वृत्तांत ज्यांनी चाळले आहेत, त्यांना पाने उलटताना लिपी बदलत जाते हे दिसेल. इंग्रजी चालू असता मध्येच नस्तालिक येते, मग देवनागरी, मग तेलुगू. मुद्रणालयातील जुळारी लोकांच्या हालांची कल्पनाच केलेली बरी.

मंत्रिमंडळात बिंदू एकटेच मराठी नव्हते. औसा-लातूरकडचे देवीसिंह चौहान होते, जे पुढे दखनी भाषेचे अभ्यासक म्हणून आपल्याला अधिक परिचित झाले. फूलचंद गांधी होते. शहरातून गोपाळराव एकबोटे निवडून आले आणि शिक्षणमंत्री झाले. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार हेही मंत्रिमंडळात होते. कोरटकर हे नाव या शहरातील मराठी शाळा आणि संस्था यांच्याशी कसे जोडलेले आहे, हे आपल्याला सांगायला नको. विरोधी बाकांवर शेतकरी कामगार पक्षाचे उस्मानाबादचे उद्धवराव पाटील आणि परभणीचे अण्णासाहेब गव्हाणे होते. उद्धवराव पुढे १९७७ साली लातूरचे खासदार झाले. त्यांच्या वक्तृत्वाची तालीम याच नामपल्लीत झाली, हे महाराष्ट्रात कोणी सांगत नाही.

छाती फुगवू नये असे मी मघाशी का म्हणालो, ते आता सांगतो. मोठ्या जागांवरची ही मराठी माणसे बहुतेक वकिली पेशातली, शहरात स्थिरावलेली आणि उर्दू-इंग्रजीवर प्रभुत्व असलेली होती. निजामी अमलात वकिलीत मराठी भाषक पुढे होते, म्हणून स्टेट काँग्रेसमध्ये पुढे होते, म्हणून विधानसभेत पुढे आले. स्त्रिया मोजक्या होत्या. दलित सभासद बहुतांशी राखीव जागांमुळे सभागृहात पोहोचले, आणि वृत्तांतांत त्यांची नावे शोधावी लागतात. मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा आवाज आत आला तो मुख्यतः शेतकरी कामगार पक्षाच्या दहा जणांबरोबर. मोठ्या खुर्च्यांवर कोण बसले याची यादी सांगताना हेही सांगितले पाहिजे.

पण या सभागृहाने जे केले त्यातील एक काम अजून जिवंत आहे. कुळकायदा १९५० साली, म्हणजे निवडणुकीपूर्वीच आला होता. या विधानसभेने १९५४ साली त्यात मोठी दुरुस्ती केली. एका कुटुंबाच्या निर्वाहाला लागणारी जमीन किती, हे ठरवून त्याच्या साडेचार पटींहून अधिक जमीन कोणी बाळगू नये, अशी मर्यादा तिने आणली. संरक्षित कुळाला सरकारने स्वतः होऊन मालक करावे, अशी तरतूद अडतिसाव्या कलमाला जोडली गेली. डाव्या पक्षांना ही मर्यादा फार सैल वाटली, जमीनदारांना फार कडक. माझ्या मते डाव्यांचे म्हणणे बरोबर होते, कारण साडेचार पट जमीन आणि चार भाऊ असले की कोणाचीच जमीन जात नाही. तरीही कितीतरी कुळे या कायद्याने मालक झाली. आज मराठवाड्यात तहसील कचेरीत जा. कुळाचा, इनामाचा, अतियातीचा वाद निघाला की कायद्याच्या नावात पहिला शब्द येतो ‘हैदराबाद’. गंमत अशी की इकडे आंध्र प्रदेश झाल्यावर त्याच कायद्याच्या नावातून ‘हैदराबाद’ गेले आणि ‘तेलंगणा क्षेत्र’ आले. म्हणजे हैदराबादच्या विधानसभेने घडवलेला कायदा हैदराबादच्या नावाने आता उस्मानाबाद-बीडकडे, ज्याला आज धाराशिव म्हणतात तिकडे, शोधावा लागतो.

आता या विधानसभेच्या अखेरच्या वर्षाकडे येतो. खरे सांगायचे तर त्यासाठीच मी हा विषय मागितला.

राज्य मोडावे, भाषेप्रमाणे तीन भाग तीन दिशांना जावेत, हा विचार स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी आधीपासून मांडत होते. स्वामीजी या सभागृहात नव्हते. ते लोकसभेत गुलबर्ग्याचे प्रतिनिधी होते, आणि बुर्गुलांच्या गटाशी त्यांचे फारसे जुळत नसे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी मराठवाड्याच्या वतीने सही करणाऱ्यांत देवीसिंह चौहान होते. ज्या राज्याचे ते मंत्री होते, त्या राज्यातून बाहेर पडण्याच्या करारावर त्यांची सही आहे. कोणी याला विसंगती म्हणेल. मला त्यात लबाडी दिसत नाही. घर विकायचे ठरले आहे, तरी जोवर राहतो तोवर गळके छप्पर दुरुस्त केले पाहिजे, असा तो व्यवहार होता.

राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला. मराठवाडा मुंबई राज्यात, रायचूर आणि गुलबर्गा हे कन्नड जिल्हे कर्नाटकात, आणि बिदरसह तेलंगणा तूर्त स्वतंत्र. १९६१ च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकांनंतर तेथील विधानसभेने दोन तृतीयांश मताने ठरवले तर आंध्रात विलीन, अशी शिफारस होती. नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या आरंभी या अहवालावर बाग-ए-आममध्ये चर्चा झाली. वडिलांच्या ओळखीतील एका गृहस्थांनी पास मिळवून दिला, आणि बारा वर्षांचा मी वडिलांबरोबर प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो. काय चालले आहे ते मला फारसे कळले नाही. एवढे आठवते की कोणी तरी मराठीत बोलायला उभे राहिले आणि वडील पुढे सरसावून बसले.

१७४ सभासदांपैकी १४७ जणांनी आपले मत मांडले. १०३ जण विशालांध्राच्या बाजूचे, २९ विरोधात, बाकीचे तटस्थ. या १०३ मध्ये मराठी आणि कन्नड सभासद होते. तेलंगणातील कित्येकांचा पुढे आक्षेप राहिला की जे स्वतः निघून चालले होते, त्यांनी मागे राहणाऱ्यांच्या घराची वाटणी का ठरवावी? हा आक्षेप मी लहानपणापासून तेलुगू मित्रांकडून ऐकत आलो आहे, आणि त्याला मला आजही चोख उत्तर देता येत नाही. भाषावार राज्ये व्हावीत हे तत्त्व एकदा मान्य केले की तेलुगू भाषकांनाही तेच लागू, असे मराठी सभासदांना प्रामाणिकपणे वाटले असावे. तर्काला ते धरून होते. पुढे १९६९ साली आणि त्यानंतर जे झाले, आणि २०१४ साली तेलंगणा वेगळा झाला, ते पाहता आयोगाने सुचवलेला थांबण्याचा सल्ला शहाणपणाचा होता, असे मला वाटते. संयुक्त महाराष्ट्राविषयी माझे मत वेगळे नाही. मराठवाडा महाराष्ट्रात गेला हे योग्यच झाले. परंतु या विधानसभेत शेवटी प्रत्येकाने आपापल्या भाषेचे राज्य पाहिले. इप्पागुड्याच्या मतदारांनी १९५२ साली ज्या नजरेने पाहिले होते, ती नजर त्या चर्चेत उरली नव्हती.

आणि एका प्रश्नाची चर्चा त्या सभागृहात पुरेशी झाली नाही. तो प्रश्न आपला होता. ज्या शहरात ही विधानसभा भरत होती, त्या शहरातल्या मराठी माणसांचे काय?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य संपले. पुनर्रचना कायद्याने सभासदांची वाटणी केली. तेलंगणाचे आंध्र प्रदेशाच्या विधानसभेत गेले, मराठवाड्याचे मुंबईच्या विधानसभेत जाऊन बसले आणि १९५७ च्या निवडणुकीपर्यंत तेथे राहिले. बुर्गुल केरळचे राज्यपाल झाले. एकबोटे येथेच राहिले, न्यायासनावर गेले आणि १९७२ ते १९७४ या काळात आंध्र प्रदेशचे मुख्य न्यायाधीश होते. सीमा तालुक्यातालुक्यांवरून, कुठे कुठे महसुली सर्कलांवरून आखल्या गेल्या. उदगीर, निलंगा, अहमदपूर बिदरमधून काढून मराठवाड्याला दिले. किनवट आणि राजुरा आदिलाबादमधून काढून तिकडे दिले. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले इकडे आली.

आमचे गाव भैंशाच्या बाजूला. आजोबा नांदेड जिल्ह्यात झोपले आणि आदिलाबाद जिल्ह्यात उठले, असे आई म्हणायची. सरकारी नोकरांना विकल्पाचा अर्ज भरून द्यायचा होता: मुंबई राज्य की आंध्र प्रदेश. काका औरंगाबादला शिक्षक होते, ते तिकडचे झाले. वडिलांनी अर्ज तीन दिवस घरात ठेवला. औरंगाबाद म्हणजे मराठी शाळा, मराठी कचेरी, भाऊ जवळ. हैदराबाद म्हणजे इथले घर, इथली सवय, आजारी आजोबांच्या गावाकडे जाणारी रेल्वे, आणि ही लायब्ररी. शेवटी त्यांनी आंध्र प्रदेश लिहिले. कारण विचारले तर सांगत नसत. एकदाच म्हणाले, “तिकडे गेलो असतो तर मराठी असण्यासाठी काही करावे लागले नसते.” हे त्यांनी अभिमानाने म्हटले की खेदाने, ते मला कळले नाही आणि मी विचारले नाही.

त्यांच्यासारख्या कितीतरी जणांनी तेच लिहिले. आज येथे बसलेल्यांपैकी अनेक जण त्या अर्जांची मुले आणि नातवंडे आहेत. १९५६ नंतर या शहरातील मराठी माणसाचा मराठी म्हणून बोलणारा कोणी त्या पांढऱ्या इमारतीत राहिला नाही. ज्या सभागृहात अध्यक्ष, गृहमंत्री आणि विरोधी पक्षनेता मराठी होते, तेथे चार वर्षांनी आपण प्रेक्षकांच्या सज्जात होतो. मग मराठी शाळा, परिषद, ग्रंथसंग्रहालय यांवर ते सर्व ओझे आले, जे अन्यत्र सरकार वाहते. या संस्थेची शंभर वर्षे मोजताना त्यांतील १९५६ नंतरची वर्षे वेगळी मोजावी लागतील.

शेवटी सभासदांपाशी एक मागणे आहे. त्या विधानसभेच्या वृत्तांतांचे खंड विखुरलेले आहेत, आणि त्यांतील मराठी भाषणे एकत्र काढलेली मी कोठे पाहिली नाहीत. ग्रंथसंग्रहालयाने ती जमवावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्यापैकी कोणाच्या घरी त्या काळातील पत्रे, सभेचे पास, कुळाच्या दाखल्यांच्या नकला, विकल्पाच्या अर्जांच्या प्रती असतील, तर त्या रद्दीत घालू नयेत. येथे आणून द्याव्यात. माझ्या वडिलांच्या अर्जाची कार्बन प्रत मी आज बरोबर आणली आहे. कागद फार जीर्ण झाला आहे, तेव्हा कार्यवाहांनी तो जपून हाताळावा.